ओळख पटल्याशिवाय ‘हो’ न म्हणणारी मंदा

मंदा गेल्याची बातमी मला फिलोमिनाने दिली, आणि देताना तिला स्वतःलाच ती माहीत नव्हती. सकाळची वेळ. घाटकोपरला आमच्या गॅलरीत मी कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात तिचा फोन आला. “शुभाबाय, मंदाबाय मदीच उठून गेली ती परत आयली नाय. फोनपण उचलत नाय. जरा बगा ना.” फिलोमिना गोराई गावातली, मंदा बोरिवलीची; मधे खाडी. पण रोज सकाळी घरची कामं आटोपली की दोघी आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर बसायच्या. फिलोमिना तिकडून मंदाच्या घरातल्या छोट्या कॉम्प्युटरला जोडून घ्यायची आणि मग एकीने टाइप केलेलं दुसरीच्या कानात वाजायचं. कानात, कारण दोघींनाही दिसत नव्हतं. त्या दिवशी शिकवता शिकवता मंदाने मधेच लिहिलं, “थांब गो, दूध बघून येते.” फिलोमिना थांबली. बराच वेळ थांबली...

मी मंदाला फोन लावला, तो वाजत राहिला. मग तिच्या नवऱ्याला, अनंतरावांना लावला. ते बागेत फिरायला गेले होते. “अगं, आंघोळीला गेली असेल,” असं म्हणता म्हणताच त्यांचा आवाज बदलला. “जातो मी घरी.” त्यानंतर मी गॅलरीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून गॅलरीत अशा नुसत्या येरझाऱ्या घालत होते. शेवटी फोन आला. “शुभदा, तू ये.” एवढंच. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्यांना काही कळलंही नसेल. मंदाला काही कळलं नसेल, हे मला अजून पटत नाही. तिला सगळं कळायचं, आणि नाही कळलं तर कळेपर्यंत ती कोणाला स्वस्थ बसू द्यायची नाही. बोरिवलीला पोचल्यावर, सगळे नातेवाईक जमल्यावर, मला आठवलं की फिलोमिनाला कोणीच काही सांगितलेलं नाही. जिन्यात उभं राहून मी तिला फोन केला. ती अजून कॉम्प्युटरसमोरच बसून होती.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. लिहायला बसते आणि उठते. पाणी पिते, पंखा कमी करते, परत बसते. पूर्वी अशी नव्हते मी. ऑफिसात शांत म्हणून माझं नाव होतं. अस्वस्थ असायची ती मंदा. तिची ती चुळबुळ जाताना मलाच देऊन गेली की काय, कोण जाणे.

आम्ही दोघी मरोळच्या एका औषधवितरक कंपनीत साधारण एकाच सुमारास लागलो. कंपनीचं काम म्हणजे मोठ्या कारखान्यांकडून औषधं घ्यायची आणि उपनगरांतल्या दुकानांना, छोट्या हॉस्पिटलांना पोचवायची. आम्ही कॉम्प्युटरवर ऑर्डरी भरायचो. तेव्हा पडदे काळे आणि अक्षरं हिरवी. मंदाचं टेबल माझ्या टेबलाला खेटून होतं आणि ती बसल्या बसल्या सतत पाय हलवायची, त्यामुळे माझ्या पडद्यावरची अक्षरंही थरथरायची. “मंदे, पाय!” असं मी दिवसातून किती वेळा ओरडले असेन! “नाव बघा आणि बाई बघा,” असं आमचे मॅनेजर देसाईसाहेब म्हणायचे. मंदाचे वडील मालवणकडचे, गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी बरीच वर्षं मिळेल ते काम केलं. मंदा थोरली. स्वस्थ बसलेला माणूस घरात बघायलाच मिळाला नाही, असं ती म्हणायची. चिडली किंवा फार माया आली की ती मालवणीत शिरायची, बाकी वेळ आपली फाडफाड मुंबईची.

ऑर्डरी भरता भरता ती त्या यंत्राच्या पोटात शिरली. कुठली फाइल कुठे अडकते, कुठल्या आज्ञेने सुटते, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. विचारून विचारून, रागावून घेऊन, ती शिकली. पुढे सर्व्हर सांभाळायचं काम रीतसर तिच्याकडे आलं. सर्व्हर म्हणजे आमचा मोठा कॉम्प्युटर, जो एका गारढोण खोलीत एकटा घुरघुरत असायचा आणि बाकी सगळे त्याच्या जिवावर चालायचे.

तिशी ओलांडली आणि मंदा धडपडायला लागली. दाराच्या चौकटीला खांदा, खुर्चीला गुडघा. आम्ही म्हणायचो, हळू चाल ना जरा. एक दिवस संध्याकाळी बसस्टॉपवर उभ्या होतो. शेजारून एक ओळखीची बाई हात हलवत गेली. मी म्हटलं, “अगं, ती तुला हात करतेय.” मंदाने मान वळवली नाही. “बाजूचा काय दिसणा नाय गो माका,” ती म्हणाली. मग सरळ मराठीत, अगदी हिशेबी आवाजात सांगितलं, की डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, औषध नाही, कडेकडेने दिसेनासं होत जाणार. “आत्ता बांगडीतून बघितल्यासारखं दिसतंय. पुढे अंगठीतून दिसेल. मग बघू.” बस आली. तिने माझ्या आधी दांडा पकडला आणि चढली.

मग बघू म्हणाली खरी, पण ती वाट बघत बसणाऱ्यांतली नव्हतीच. अजून थोडं दिसत होतं तेव्हाच ती अंधांच्या एका संस्थेत जायला लागली आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम शिकून आली. इथे एक गंमत झाली. तोवर आमच्या ऑफिसात रंगीत पडदे, माउस, चित्रं असा सगळा नवा थाट आला होता. सगळे खूश. मंदाचा तो बोलका प्रोग्राम मात्र त्या नव्या पडद्यावर गेला की नुसता “बटन... बटन... बटन...” करत राहायचा, कसलं बटन ते त्याला कळत नव्हतं. पण सर्व्हरशी बोलायला अजून जुन्या धर्तीची काळी खिडकी उघडावी लागे. त्या खिडकीत चित्र नाही, रंग नाही. आपण एक ओळ लिहायची, सर्व्हर एक ओळ उत्तर देणार. ती ओळ मंदाच्या कानात स्वच्छ ऐकू यायची. “इथे कोणी इशारे करत नाही गं, सगळे तोंडाने बोलतात,” ती म्हणाली. त्या दिवसांत मी तिला फार क्वचित इतकी खूश पाहिलं.

अंगठीची वेळ आली तेव्हा प्रवास धोक्याचा झाला. मरोळला रस्ता खणून ठेवला होता, त्या खड्ड्यात ती पडली आणि मनगट मोडलं. देसाईसाहेब तिला भेटायला बोरिवलीला गेले, सोबत मी. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी हळूच विषय काढला, की मंदाताई, आता आराम करा, कंपनी तुमचं सगळं नीट बघेल. मंदाचा प्लास्टरमधला हात मांडीवर होता, पाय हलत होता. “साहेब, मी मरोळला बसलेय की बोरिवलीला, हे सर्व्हरला कुठे कळतंय? मला घरून कनेक्शन द्या. नाही जमलं तर मीच राजीनामा देईन.” साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

कनेक्शन लावायचा दिवस मला लख्ख आठवतो. मंदा बोरिवलीत, कानाला फोन, डावा हात प्लास्टरमध्ये. मी मरोळच्या त्या गार खोलीत सर्व्हरसमोर. तिने आपल्या कॉम्प्युटरवर तो काळ्या खिडकीचा प्रोग्राम उघडला, आमच्या सर्व्हरचा पत्ता टाकला आणि बटण दाबलं. काहीच नाही. परत. काहीच नाही. ती स्वतःशी पुटपुटत होती, मी थंडीने कुडकुडत होते. पत्त्यात एक ठिपका राहिला होता, तो सापडला. मग एकदम ती गप्प झाली. तिच्या कानात प्रोग्राम काहीतरी वाचत होता. तो म्हणत होता, या मशीनशी माझी आधीची ओळख नाही. त्याचा ठसा असा असा आहे. हेच मशीन तुम्हाला हवंय ना? हो की नाही? आपल्या बोटाचा असतो तसा प्रत्येक सर्व्हरचा एक ठसा असतो, आकड्या-अक्षरांची लांबलचक माळ. पहिल्यांदा जोडताना तो जुळवून बघायचा असतो. कोणी बघत नाही. सगळे सरळ ‘हो’ दाबतात.

“दाब ना हो,” मी म्हटलं. “आपलाच सर्व्हर आहे, दुसरं कोण असणार?”

“शुभे, माझ्या दाराची बेल वाजली तर मी आधी विचारते, कोण आहे. भोकातून बघता येत नाही मला. हेही दारच आहे. तू तिथून वाच.”

सर्व्हरला त्याचा ठसा कसा विचारायचा ते तिने सांगितलं, मी टाइप केलं आणि वाचायला लागले. फोनवर ‘बी’ आणि ‘डी’ सारखेच ऐकू यायचे. ती वैतागली. “बोरिवलीचा बी की दहिसरचा डी? नीट सांग!” त्या माळेत आकडे सोडले तर ए पासून एफपर्यंतचीच अक्षरं असायची. मग आमची बाराखडीच ठरली. अंधेरी, बोरिवली, चेंबूर, दहिसर, एल्फिन्स्टन, फोर्ट. “चार, चेंबूर, नऊ, फोर्ट, फोर्ट, दोन, अंधेरी...” असं मी ओरडत होते आणि दाराबाहेरून जाणारा शिपाई थबकून बघत होता, की या बाई कुठे निघाल्यात. शेवटचं अक्षर जुळलं तेव्हा ती म्हणाली, “हां. आता हो.” आणि माझ्यासमोरच्या पडद्यावर, जिथे मी काहीही टाइप केलं नव्हतं, तिथे इंग्रजी अक्षरांत एक मराठी ओळ उमटली: “शुभे, एसी कमी कर, सर्दी होईल.” मी खुर्चीतून उठलेच. अक्षरं बघितली आणि मला रडूच आलं. फोनवर ती विचारत होती, “पोचलं का? अगं, पोचलं का?” आणि मी डोळे पुसत एसीचं बटण शोधत होते.

त्यानंतर कितीतरी वर्षं मंदाने घरून काम केलं. अंगठीही मिटली, पूर्ण काळोख झाला. सर्व्हरला ते कळलं नाही. ऑफिसात नवीन आलेल्या मुलींना मंदाताई म्हणजे फोनवरचा एक घाईतला आवाज एवढंच ठाऊक होतं. घरी ती येरझाऱ्या घालत काम करायची. टेबलापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून टेबलापर्यंत, कानात तार. अनंतराव म्हणायचे, “हिला नोकरीचा पगार नाही, चालण्याचा मिळतो.” ते बँकेत होते, मितभाषी. दोघांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल मंदा एकदाच माझ्याशी बोलली, तेही दुसऱ्याच कशाबद्दल बोलत असताना, आणि पुढे गेली.

मग तो सोमवार आला. सकाळी मंदाने नेहमीसारखं जोडायला घेतलं आणि तिच्या कानात इशारा वाजला, की सावध, या मशीनचा ठसा बदललाय. कदाचित कोणी दुसराच त्या पत्त्यावर बसून तुमचा पासवर्ड ऐकतोय. मंदाने जोडायला नकार दिला. दर सोमवारी रविवारच्या साचलेल्या ऑर्डरी तिने मोकळ्या केल्याशिवाय गाड्या निघायच्या नाहीत. गाड्या भरायला उभ्या, ड्रायव्हर चहा पितायत, दुकानदारांचे फोन. देसाईसाहेब माझ्या टेबलाशी येऊन फोनवर ओरडले, “मंदाताई, दाबा ना हो! काय होतंय?” ती म्हणाली, “ओळख पटल्याशिवाय मी पासवर्ड देणार नाही. शुभाला आत पाठवा.” गार खोलीची चावी ज्याच्याकडे तो माणूस सुट्टीवर. दुसरी चावी शोधण्यात दुपार झाली. आत जाऊन बघते तर जुन्या सर्व्हरच्या जागी नवाकोरा डबा. देखभालीचं कंत्राट ज्यांच्याकडे होतं त्या लोकांनी सुट्टीच्या दिवशी येऊन मशीन बदललं होतं आणि कोणाला काही सांगितलं नव्हतं. मी नवा ठसा वाचला, अंधेरी-बोरिवली करत. जुळला. मंदाने हो म्हटलं, ऑर्डरी सुटल्या, पण तोवर पुष्कळ दुकानांचा दिवस वाया गेला होता. इन्सुलिन थांबलेलं एक हॉस्पिटल तर आमच्या नावाने शिमगा करत होतं.

“बघा, काही नव्हतं,” साहेब तिला म्हणाले.

“काही नव्हतं हे आत्ता कळलं ना साहेब? सकाळी कोणाला माहीत होतं?”

दोघंही खरं बोलत होते. त्या हॉस्पिटलचा विचार तिला नंतर बरेच दिवस छळत होता. मला फोन करून विचारायची, तिथे कोणाला काही झालं नाही ना गं? नव्हतं झालं. पण “मी परत तेच केलं असतं,” हेही ती त्याच दमात सांगायची. मुख्य कचेरीतून हुकूम आला, की बाहेरून जोडणं बंद, मंदाताईंनी काम करायचं तर ऑफिसात यावं. सगळ्यांना वाटलं, संपलं. पुढच्या आठवड्यात पांढरी काठी टेकत मंदा दारात उभी. “माझी खुर्ची कुठाय?” बोरिवलीहून बसने आली होती, कंडक्टरशी भांडून योग्य स्टॉपला उतरली होती. तशीच ती रोज येत राहिली. दुपारपर्यंत थकून जायची, ओठ पांढरे पडायचे. मी म्हणायचे, सोड ना आता. “मी सोडणार नाही, त्यांना सोडू दे,” हे उत्तर ठरलेलं.

सोडलं ते लॉकडाऊनने. एका फटक्यात अख्खं ऑफिस घरी बसलं आणि औषधं तर पोचवायलाच हवी होती. देसाईसाहेबांनी घरून तिला फोन केला. ही म्हणाली, “कोण देसाई? आधी ओळख पटवा.” आणि मग इतकी हसली की पलीकडे साहेबही हसायला लागले. पुढचे कित्येक दिवस ती सकाळपासून फोनवर होती. मुलुंडचा कोणी, कांजूरमार्गचा कोणी, चेंबूरची एक बाळंतीण... एकेकाला फोनवरून ती काळी खिडकी उघडायला लावायची, पत्ता टाकायला लावायची. मीही घरून जोडायला शिकले ती तेव्हाच. लोक घाबरून म्हणायचे, “मॅडम, काहीतरी काळं काळं दिसतंय.” मंदाचं उत्तर एकच. “दिसतंय ते सांगू नका. लिहिलंय ते वाचा.” आणि ठसा जुळवल्याशिवाय तिने एकालाही पुढे जाऊ दिलं नाही. अंधेरी, बोरिवली, चेंबूर सगळ्या ऑफिसला पाठ झालं.

आम्ही दोघी निवृत्त झालो. माझं बरं चाललं होतं, भिशी, नाटकं, नातू. मंदाचे मात्र हाल हाल. दिवसातून तीनदा फोन, “काय करतेस?” “भाजी निवडतेय.” “मग झालं का निवडून?” अशी माणसाला पळवायची. शेवटी ती ज्या संस्थेत शिकली होती तिथेच शिकवायला जाऊ लागली. तिथे तिला फिलोमिना भेटली. पस्तिशीची, गोराईची, एका बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहायची; काचबिंदूने दोन्ही डोळे गेले आणि ती घरी बसली. संस्थेत दोनदा आली आणि यायची थांबली, कारण सोबत यायला कोणी नव्हतं. मंदा मला म्हणाली, “चल, गोराईला जायचंय.”

“अगं, फोनवर सांग ना तिला. अख्ख्या ऑफिसला सांगितलंस.”

“त्यांना दिसत होतं. पहिल्यांदा हिचा हात धरायला पाहिजे कोणीतरी.”

आम्ही बोरिवलीच्या जेटीवरून बोटीत बसलो. म्हणजे मी बसले. मंदा दांड्याला धरून उभी, वाऱ्याने साडी फडफडतेय, बोटवाला ओरडतोय, “मावशी, बसा!” ती त्यालाच विचारतेय, आलं का, किती राहिलं, डाव्या बाजूला काय आहे? फिलोमिनाच्या घरी ओट्यावर बोंबील वाळत होते. तिची आई आम्हाला सरबत देत म्हणाली, “पोरीला दिसत नाय, आता कंप्युटर काय करनार ती?” मंदा म्हणाली, “मी करते ते.” आई खुर्ची ओढून समोर बसली आणि शेवटपर्यंत हलली नाही.

मंदाने आपल्या बोरिवलीच्या घरी एक छोटा कॉम्प्युटर चालू ठेवला होता, शिकायला येईल त्याच्यासाठी. तिथवर गोराईहून पोचायचं होतं. तिने फिलोमिनाचे हात कीबोर्डवर ठेवले आणि वर आपले ठेवले. नेटवर्क येई-जाई. पत्ता लागे, अर्ध्यात तुटे. फिलोमिनाचा धीर सुटत चालला, “ऱ्हाऊंदे बाय, आज नाय जमत.” मंदा उठून त्या छोट्या खोलीत फेऱ्या मारायला लागली, कपाटाला आपटली, परत बसली. “परत लाव.” घरी अनंतराव फोनवर होते, त्यांच्या छोट्या कॉम्प्युटरचा ठसा त्यांनी वाचून दाखवला, आयुष्यात पहिल्यांदाच, घाम पुसत. जुळला. फिलोमिनाने स्वतःच्या बोटाने ‘हो’ लिहिलं. आणि तो बोलका प्रोग्राम बोलला. मंदाने तिथे आधीच रोमन अक्षरांत मराठीत लिहून ठेवलं होतं, “ये गो बाय, बस.” तो प्रोग्राम इंग्रजी, त्याने ते असं काही मडमेसारखं वाचलं की आम्हाला कोणाला आधी कळलंच नाही. कळल्यावर फिलोमिना हसत सुटली. तिच्या आईने विचारलं, काय झालं? ती म्हणाली, “आये, मी बोरिवलीत हाय!”

वर्षभर त्यांचं ते रोज चाललं. एका कंपनीत घरून करायचं काम होतं, सर्व्हरवर रोजची देखरेख. त्याची परीक्षा फिलोमिना देणार होती. कंपनीवाले बघणार होते की ती आपल्या घरून त्यांच्या मशीनला जोडून घेऊन अडकलेलं काम सोडवते का. मंदा गेली तेव्हा ती परीक्षा तोंडावर होती.

तेराव्यानंतर अनंतरावांनी तो छोटा कॉम्प्युटर बंद केला. त्यांना त्याची घुरघुर सहन होईना. त्याच सकाळी फिलोमिनाचा मला फोन, “बाय, वाट बंद झाली.” मी बोरिवलीला गेले. अनंतरावांना म्हटलं, मी घेऊन जाते हा. जुन्या चादरीत गुंडाळून त्यांनीच तो माझ्या हातात दिला. घाटकोपरला आणून मी तो लावला. दोन दिवस माझं डोकं फुटायची वेळ आली; बाहेरून कोणाला आत जोडता यावं म्हणून राउटरमधून वाट काढून देणं मला कधी जमलं नव्हतं, आणि ज्या व्यक्तीला विचारायचं ती... चार वेळा तर माझा हात तिच्या नंबरवर गेला. शेवटी जमलं. पुढची सगळी तयारी फिलोमिनाने एकटीने केली. मला मंदाइतकं येत नाही, मी फक्त इथे त्या कॉम्प्युटरसमोर बसून राहायचे, मधेच एखादी ओळ लिहायचे, म्हणजे तिला कोणीतरी आहे असं वाटावं. परीक्षेच्या दिवशी कंपनीने दिलेलं मशीन तिने जोडायला घेतलं आणि ठसा विचारल्याशिवाय पुढे जायला नकार दिला. परीक्षा घेणारा गडबडला. त्याला तो शोधून आणायला वेळ लागला. मी इकडे फोनवर ऐकता ऐकता घाबरले, की तो सोमवार परत आला. पण त्याने आणला, तिने जुळवला, काम सोडवलं. तिला घेतलंय. सध्या तात्पुरती, पुढे बघू म्हणालेत.

हे सांगायला मी परवा बोरिवलीला गेले. फोनवर सांगता आलं असतं, गेले. अनंतरावांनी ऐकून घेतलं, “बरं झालं,” म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले. घरात त्या दोन खोल्यांमध्ये फार शांत वाटत होतं, मलाच उगाच उठून खिडकीपर्यंत जावंसं वाटत होतं. निघाले तेव्हा ते म्हणाले, “रिक्षापर्यंत येतो.” रस्त्याला दुपारची वर्दळ, फुटपाथ नेहमीसारखा उखडलेला. ते माझ्या अर्धं पाऊल पुढे चालत होते, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांचा डावा कोपर शरीरापासून थोडा सुटलेला आहे, वाकवून बाहेर धरलेला, कोणीतरी धरावा म्हणून. इतकी वर्षं धरून धरून तो तसाच राहिला होता. फुटपाथ संपला तिथे ते थांबले आणि समोर बघतच, सहज म्हणाले, “पायरी.”

मला पायरी दिसत होती. मी त्यांचा कोपर धरला आणि उतरले.